ख्रिस्ती धर्माचा उगम आणि त्यातील पंथ: फूट नेमकी पडली कधी?

प्रश्न असा आहे: येशू जन्माने यहुदी होता, तर मग ख्रिस्ती धर्म यहुदी धर्मापासून वेगळा कधी झाला, आणि पुढे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रोटेस्टंट हे तीन पंथ कोणकोणत्या साली फुटले? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत याचे उत्तर दोन आकड्यांत मिळते: १०५४ आणि १५१७. मी पंचवीसहून अधिक वर्षे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवत आलो आहे, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुले हीच दोन साले पाठ करून येतात. साले चुकीची नाहीत, पण तेवढ्यावर विसंबले की दोन गोष्टी निसटतात. यांतली कोणतीही फूट एका दिवसात पडलेली नाही, आणि पंथ तीन धरले तर हिशेब जुळत नाही. जे दोन गट सुटतात ते सर्वांत आधी वेगळे झालेले आहेत आणि भारताशी त्यांचेच नाते सर्वांत जुने आहे. प्रत्येक फुटीच्या मुळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत अखेरचा शब्द कोणाचा. हा धागा हाती धरला तर दोन हजार वर्षांचा पसारा बराच आवरतो.

आरंभ गालीलातून करावा लागतो. येशूचा जन्म इसवी सनाच्या पहिल्या वर्षी झाला असे नावावरून वाटते, परंतु ज्याच्या कारकिर्दीत तो झाला असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते तो हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला होता. सहाव्या शतकात दिओनिसियस नावाच्या मठवाशाने कालगणना मांडताना काही वर्षांची चूक केली आणि ती आपण आजही वापरतो. येशू अरामी भाषा बोलत असे, सभास्थानात जाऊन शिकवत असे, सणांसाठी जेरुसलेमला जात असे आणि वादही यहुदी धर्मशास्त्राच्या चौकटीतच घालत असे. त्या काळचा यहुदी समाज एकसंध नव्हता. मंदिर आणि पुरोहितवर्ग सांभाळणारे सदूकी, नियमशास्त्राचा रोजच्या जगण्याशी मेळ घालणारे परूशी, वाळवंटात जाऊन राहिलेले एस्सेनी असे अनेक प्रवाह होते, आणि येशूचे अनुयायी हा त्यांतलाच आणखी एक प्रवाह होता. यहुदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याने त्याला इसवी सन ३० च्या सुमारास वधस्तंभावर चढवले. या पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ साली कैसरिया येथे सापडला. वधस्तंभ ही बंडखोरांना आणि गुलामांना द्यायची रोमन शिक्षा होती, आणि वर लावलेल्या फलकावरचा ‘यहुद्यांचा राजा’ हा मजकूर धर्मद्रोहापेक्षा राजद्रोहाच्या आरोपाकडे बोट दाखवतो.

येशू मेलेल्यांतून उठला आहे, ही त्याच्या शिष्यांची घोषणा म्हणजे ख्रिस्ती धर्माचा खरा आरंभबिंदू होय. इतिहासकार पुनरुत्थान सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही. पण ती घोषणा घटनेनंतर अगदी थोड्या काळात आणि जेरुसलेममध्येच सुरू झाली, एवढे त्याला निःशंकपणे म्हणता येते. ‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही. अभिषिक्त या अर्थाच्या ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक भाषांतर आहे, म्हणजे धर्माचे नावच एका यहुदी कल्पनेवर उभे आहे. ‘ख्रिस्ती’ हे नाव मात्र जेरुसलेममध्ये पडले नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील नोंदीनुसार ते प्रथम सिरियातील अंत्युखिया शहरात वापरले गेले, आणि पहिला मोठा पेच उभा राहिला तोही याच शहरात.

हा पेच पंगतीचा होता, आणि मराठी वाचकाला तो फार समजावून सांगावा लागत नाही. अंत्युखियात यहुदी आणि यहुदी नसलेले, म्हणजे ज्यांना बायबल परराष्ट्रीय म्हणते असे दोन्ही प्रकारचे श्रद्धावंत एका मेजावर जेवत. पेत्रही त्यांच्यासोबत जेवत असे. पुढे जेरुसलेममधून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची काही माणसे आली, आणि पेत्र हळूहळू त्या पंक्तीतून बाजूला झाला. पौलाने सर्वांसमोर त्याला जाब विचारला. हा प्रसंग स्वतः पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नोंदवला आहे, आणि इतक्या जुन्या काळातील दोन प्रमुख प्रेषितांमधला उघड वाद त्यातल्याच एकाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचावा, ही इतिहासकाराच्या दृष्टीने दुर्मीळ गोष्ट आहे. वरवर प्रश्न सोवळ्याओवळ्याचा दिसतो, पण त्याखाली अधिक खोल प्रश्न होता: ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागते का, म्हणजे सुंता आणि आहाराचे नियम पाळावे लागतात का? सुमारे ४९ साली जेरुसलेममध्ये प्रेषित आणि वडीलजन एकत्र बसले आणि परराष्ट्रीयांवर सुंतेचे बंधन नाही असे ठरले. मंडळीच्या इतिहासात पुढे ज्या असंख्य परिषदा झाल्या, त्यांची पद्धत इथे प्रथम दिसते: वाद, बैठक, निर्णय, आणि निर्णयाचे पत्र सर्वत्र पाठवणे.

या निर्णयाने दार उघडले, पण त्याच दिवशी दोन धर्म वेगळे झाले असे मात्र नाही. पौल अखेरपर्यंत स्वतःला यहुदीच समजत होता. ७० साली रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यज्ञबळी थांबले. मग यहुदी धर्माची धुरा परूशी परंपरेतल्या रब्बींकडे गेली, आणि ख्रिस्ती समाजात ग्रीक बोलणाऱ्या परराष्ट्रीयांचे पारडे जड होत गेले. १३२ ते १३५ या काळात यहुद्यांनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध केलेल्या बंडाने उरलेले धागेही ताणले गेले, कारण ज्या नेत्याला मशीहा म्हटले जात होते त्याच्या मागे जाणे ख्रिस्ती लोकांना शक्य नव्हते. तरीही चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियातच योहान क्रिसोस्तम आपल्या श्रोत्यांवर रागावतो, कारण ते अजून यहुद्यांच्या सणांना सभास्थानात जातात. धर्मगुरू ओरडून सांगतो आहे की भिंत आहे, याचा अर्थ लोकांना ती अद्याप दिसत नव्हती.

छळाचा काळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याविषयी गैरसमज कमी आणि भावनिक लेखन जास्त आहे. छळ सततचा नव्हता. ६४ साली रोम शहराला लागलेल्या आगीनंतर नीरोने केलेला छळ एका शहरापुरता होता; ११२ च्या सुमारास प्लिनी हा सुभेदार सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचे करायचे तरी काय, आणि सम्राट उत्तर देतो की त्यांना शोधत फिरू नये. साम्राज्यभर संघटित छळ झाला तो तिसऱ्या शतकाच्या मध्यावर आणि ३०३ पासून डायोक्लेशनच्या काळात. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, ३१३ साली, कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी उपासनेचे स्वातंत्र्य मान्य केले. कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे; ते काम ३८० साली थिओडोसियसच्या फर्मानाने झाले.

कॉन्स्टंटाइनने केलेली गोष्ट वेगळी होती आणि तिचे परिणाम अधिक दूरवर गेले. त्याने ३२५ साली निकिया येथे बिशपांना सरकारी खर्चाने बोलावले. अलेक्झांड्रियातील एरियस हा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे तो नव्हता असा काळ होता. परिषदेने हे नाकारले आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कथनात, घातले. पुढे पन्नासेक वर्षे वाद धुमसत राहिला आणि मधल्या टप्प्यावर तो ‘एकतत्त्व’ की ‘सदृशतत्त्व’ इथे येऊन ठेपला; ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. एका अक्षरासाठी भांडणाऱ्यांची टिंगल करण्याचा मोह होतो. ज्या समाजात द्वैत, अद्वैत आणि विशिष्टाद्वैत यांवर पिढ्यान्‌पिढ्या टीकाग्रंथ लिहिले गेले, त्या समाजातील वाचकाने तरी तो आवरावा. मनुष्याला तारणारा स्वतः देव आहे की देवाने घडवलेला कोणी दुय्यम, हा प्रश्न त्या अक्षरात होता.

यानंतरची गोष्ट सहसा वगळली जाते, म्हणून मी तिच्याकडे जास्त वेळ देतो. ४३१ साली इफिस येथे प्रश्न आला की मरियेला ‘देवमाता’ म्हणावे का. साम्राज्याची पूर्वेकडची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, तिथल्या मंडळीचा प्रमुख नेस्टोरियस या शब्दाला कचरत होता. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने आग्रह धरला आणि परिषद सिरिलच्या बाजूने गेली. या निर्णयामुळे इराणकडची ‘पूर्वेची मंडळी’ वेगळी झाली असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण ती मंडळी रोमन साम्राज्याबाहेर, ससानी सम्राटांच्या राज्यात होती. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यापासून तिच्यावर शत्रूचे हस्तक म्हणून संशय घेतला जात होता, आणि तिच्या बिशपांनी ४२४ सालीच ठरवले होते की आमच्या प्रमुखाविरुद्ध पश्चिमेकडच्या बिशपांकडे दाद मागता येणार नाही. म्हणजे अधिकाराची फूट आधी पडली आणि सिद्धांताचे कारण नंतर जोडले गेले. विद्यार्थ्यांना मी ही दोन साले शेजारी शेजारी लिहायला लावतो, ४२४ आणि ४३१, आणि मग एक शब्दही न बोलता थोडा थांबतो.

४५१ साली खाल्सिदोन येथे चौथी परिषद भरली. तिने ठरवले की ख्रिस्त एकच व्यक्ती असून त्याच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व अशी दोन स्वरूपे आहेत. इजिप्तमधले कॉप्टिक, तसेच सिरियातले आणि आर्मेनियातले अनेक ख्रिस्ती यांना हे मान्य झाले नाही. देहधारणेनंतर देवत्व आणि मनुष्यत्व यांचे मिळून एकच स्वरूप आहे असे सिरिलच्या शब्दांत ते म्हणत राहिले. इथिओपियाची मंडळीही याच बाजूला राहिली. या गटाला आज प्राच्य ऑर्थोडॉक्स म्हणतात, आणि ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्स मंडळ्यांशी त्यांचा साक्रामेंतांचा (बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींचा) व्यवहार नाही, म्हणजे एकाच्या वेदीवरून दुसरा प्रसाद घेत नाही. नावातल्या साम्यामुळे इथे हमखास घोळ होतो. विसाव्या शतकात दोन्ही बाजूंचे धर्मपंडित एकत्र बसले तेव्हा त्यांना आढळले की एकच आशय दोन परिभाषांत मांडला जात होता आणि ‘स्वरूप’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावत होता. पण मधल्या पंधरा शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने लादलेला धर्म आणि आपल्या भाषेतला, आपल्या मठांतला धर्म असा भेद इजिप्त आणि सिरियात रुजून गेला होता.

भारताचा संबंध इथे येतो. प्रेषित थोमा ५२ साली केरळात आला ही तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. लेखी पुरावा त्यामानाने उशिरा मिळतो. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा व्यापारी मलबारातल्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेख करतो आणि ‘कल्लियाना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर कोकण किनाऱ्यावरचा पहिला ज्ञात ख्रिस्ती समाज पोर्तुगीजांच्या सुमारे हजार वर्षे आधीचा आणि पूर्वेच्या मंडळीचा होता. केरळातही उपासनेची भाषा सीरियाक होती. पोर्तुगीज आल्यावर गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ साली उदयंपेरूर येथे धर्मसभा घेऊन या समाजाला रोमच्या चाकोरीत बसवले, त्यांच्या प्रार्थनेच्या पोथ्या तपासून ‘शुद्ध’ केल्या आणि काही जाळल्या. १६५३ साली मट्टांचेरी येथे लोकांनी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची सत्ता झुगारण्याची शपथ घेतली. क्रूसाला दोर बांधून सर्वांनी तो धरला, अशी आठवण सांगतात. त्यानंतर समाज दुभंगला. एक भाग रोमशी जोडलेला राहिला, आणि दुसऱ्या भागाने १६६५ पासून अंत्युखियाच्या सीरियन मंडळीशी नाते जोडले, म्हणजे ज्यांचे पूर्वज पूर्वेच्या मंडळीत होते ते आता खाल्सिदोन-विरोधी मंडळीत आले. चौथ्या-पाचव्या शतकांतल्या सिद्धांताशी या उडीचा संबंध फारसा नाही. बिशप कोण देईल आणि पोर्तुगीजांपासून सुटका कोण करील, हे प्रश्न त्यामागे होते.

आता १०५४ कडे येऊ. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात वाद अनेक होते. पश्चिमेत मिस्सासाठी, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, बेखमीर भाकर वापरत, पूर्वेत खमिराची. पश्चिमेत धर्मगुरूंनी अविवाहित राहावे असा आग्रह वाढत होता, पूर्वेत विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येत असे. सर्वांत बोचरा वाद मतांगीकारातल्या एका जोडशब्दाचा होता. मूळ ग्रीक मजकुरात पवित्र आत्मा ‘पित्यापासून निघतो’ असे आहे. पश्चिमेत, प्रथम स्पेनमध्ये, त्यात ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द शिरले आणि १०१४ पासून ते रोममध्येही म्हटले जाऊ लागले. पूर्वेचा आक्षेप दुहेरी होता: विचार चुकीचा आहे, आणि तो बरोबर असता तरी सर्वांनी मिळून ठरवलेला मजकूर एकट्या रोमने बदलायचा अधिकार कोठून आणला? माझ्या मते खरे भांडण या दुसऱ्या आक्षेपात आहे.

१६ जुलै १०५४ रोजी उपासना सुरू होण्याच्या वेळी कार्डिनल हुंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये जाऊन वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले. ते पत्र वाचण्याजोगे आहे, कारण ग्रीकांनी मतांगीकारातून ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द काढून टाकले असा आरोप त्यात आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. ज्या पोप नववे लिओ यांच्या वतीने हुंबर्ट आला होता, ते एप्रिलमध्येच वारले होते. बहिष्कारही संपूर्ण पूर्व मंडळीवर नव्हता. तो प्रमुख मिखाएल केरुलारियस आणि त्याच्या साथीदारांवर होता, आणि उत्तरादाखल झालेला बहिष्कारही रोमच्या दूतांपुरताच होता. तत्कालीन लोकांना हे दोन तापट माणसांचे भांडण वाटले असावे, कारण त्यानंतरही व्यवहार चालू राहिले. सामान्य माणसाच्या मनात दरी पडली ती १२०४ मध्ये, जेव्हा चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिमी सैन्याने जेरुसलेमऐवजी कॉन्स्टँटिनोपलच लुटले आणि हागिया सोफियाची वेदी फोडली. १४३९ साली फ्लॉरेन्स येथे दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी ऐक्याच्या कराराची घोषणा केली, परंतु परतलेल्या ग्रीक बिशपांना त्यांच्याच लोकांनी झिडकारले. १०५४ चे परस्पर बहिष्कार अखेर ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख अथेनागोरस यांनी मागे घेतले. ऐक्य मात्र त्याने झाले नाही, कारण पोपच्या अधिकाराचा प्रश्न तसाच आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्या रोमच्या बिशपाला मानाचे पहिले पान द्यायला तयार आहेत, पण सर्व मंडळ्यांवर थेट सत्ता आणि अचूकतेचा दावा त्यांना मान्य नाही.

१५१७ ची पार्श्वभूमी समजण्यासाठी माफीपत्रांचा व्यवहार कळला पाहिजे. कॅथलिक शिकवणीनुसार पापाची क्षमा पापनिवेदनात मिळते. माफीपत्र हे क्षमेनंतरही भोगायच्या उरलेल्या दंडातून सूट देते. हा फरक धर्मपंडितांना ठाऊक होता, पण बाजारात तो विरघळून जात असे. जर्मनीत माइन्झचे आर्चबिशपपद मिळवताना आल्ब्रेख्त याने रोमला द्यायच्या रकमेसाठी फुग्गर या सावकारी घराण्याकडून कर्ज काढले होते. माफीपत्रांच्या विक्रीतला अर्धा पैसा त्या कर्जाकडे आणि अर्धा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाकडे जायचा होता. मार्टिन लूथर या विटेनबर्गमधल्या प्राध्यापकाने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी याच आल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि सोबत ९५ प्रबंध, म्हणजे वादासाठी मांडलेली छोटी विधाने, जोडले. चर्चच्या दारावर हातोड्याने ठोकल्याचे चित्र प्रसिद्ध असले तरी त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. प्रबंध लॅटिनमध्ये होते आणि विद्वानांच्या वादासाठी होते. छापखान्याने ते काही आठवड्यांत जर्मनीभर नेले.

लूथरच्या आधी शंभर वर्षे यान हुस याने जवळपास तसेच आक्षेप घेतले होते आणि १४१५ साली कॉन्स्टन्स येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. लूथर वाचला, याचे कारण त्याचे विचार अधिक धारदार होते एवढेच नाही; त्याच्या पाठीशी सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक, होता आणि हाताशी छापखाना होता. विचाराच्या बाजूने पाहता त्याचा मुद्दा असा होता की मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, आणि श्रद्धेच्या बाबतीत अखेरचा शब्द पवित्र शास्त्राचा आहे, पोपचा किंवा परिषदेचा नाही. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर त्याने हेच सांगितले. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव मात्र १५२९ चे आहे; श्पायरच्या सभेत लूथरच्या बाजूच्या संस्थानिकांनी आणि शहरांनी नोंदवलेल्या निषेधावरून ते पडले.

अखेरचा शब्द शास्त्राचा असेल तर शास्त्राचा अर्थ कोण लावणार? हा प्रश्न लगेच उभा राहिला. १५२९ सालच्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली समोरासमोर बसले. चर्चा सुरू होण्याआधीच लूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवले. झ्विंग्लीच्या मते त्यातल्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. लूथर तसूभर हलायला तयार नव्हता. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि प्रभुभोजनाच्या पंधराव्यावर बैठक मोडली. म्हणजे प्रोटेस्टंट पंथ जन्मला तोच अनेकवचनी. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात लूथरन, जिनिव्हातल्या कॅल्व्हिनच्या मागे जाणारे सुधारित आणि प्रेसबिटेरियन, इंग्लंडमध्ये १५३४ साली राजालाच मंडळीचा प्रमुख ठरवणारे अँग्लिकन, आणि प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा म्हणणारे अ‍ॅनाबाप्टिस्ट, ज्यांचा छळ कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही केला. बाप्टिस्ट, मेथडिस्ट आणि विसाव्या शतकातले पेंटेकॉस्टल ही पुढची पिढी आहे. पेंटेकॉस्टल चळवळीचे मूळ सांगताना १९०६ च्या लॉस एंजेलिसचे नाव घेतले जाते. त्याच्या एक वर्ष आधी, १९०५ साली, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तशाच स्वरूपाचे जागरण झाले होते, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

कॅथलिक मंडळी त्या काळात स्वस्थ बसलेली नव्हती. १५४५ ते १५६३ या काळात त्रेंत येथे टप्प्याटप्प्याने झालेल्या परिषदेने सिद्धांत नेमकेपणाने मांडले, सात साक्रामेंत कायम केले आणि धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाची घडी बसवली. १५४० साली मान्यता मिळालेला जेझुइट संघ या काळाचे अपत्य होय. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण आपल्या देशात प्रोटेस्टंट सत्ता असताना रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचा एक परिणाम म्हणून मराठीला हे पुराण मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचे नकाशे आजही याच इतिहासाने आखलेले आहेत. वसईचा समाज पोर्तुगीजांमुळे कॅथलिक आहे, तिथे मिस्सा असते आणि फादर असतात. अहिल्यानगरकडचा (पूर्वीचे अहमदनगर) समाज मुख्यतः १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनमुळे प्रोटेस्टंट आहे, तिथे उपासना असते आणि पाळक असतात. ज्या चर्चमध्ये तुम्ही प्रथमच जात असाल तिथे समोर काय आहे हे आधी पाहा. नित्य तेवणारा दिवा आणि त्याजवळ प्रसाद ठेवण्याची बंद पेटी दिसली तर ते बहुधा कॅथलिक. साध्या मेजावर उघडे बायबल आणि उपदेशाचे उंच आसन नजरेत भरले तर प्रोटेस्टंट. संतांच्या चित्रांची भिंत वेदीला झाकत असेल तर ग्रीक किंवा रशियन परंपरेचे. पुण्या-मुंबईतल्या मलयाळी सीरियन चर्चमध्ये त्या जागी ओढता येणारा पडदा असतो. क्रूसाची खूण पाहून पंथ ओळखण्याची युक्ती काही जण सांगतात, की ऑर्थोडॉक्स उजव्या खांद्याकडून डावीकडे जातात आणि कॅथलिक डावीकडून उजवीकडे. पण सीरियन ऑर्थोडॉक्स कॅथलिकांप्रमाणेच डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून त्या युक्तीवर भिस्त ठेवू नये.

जगातील ख्रिस्ती लोकांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे सुमारे १४० कोटी, कॅथलिक आहेत. फुटी पडल्या तशा जोडण्याही झाल्या: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, आणि १९९९ साली लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी आउग्सबुर्ग येथे विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. निकिया परिषदेपुढे आणखी एक विषय होता: पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) सर्वांनी एकाच दिवशी पाळावा. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले, पण बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या हा सण अजूनही जुन्या पंचांगाने काढतात. म्हणून २०२४ साली वसईत तो ३१ मार्चला झाला आणि अथेन्समध्ये ५ मेला. निकियाला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली दोन्ही गणिते योगायोगाने २० एप्रिललाच आली.